भरलेली दाढ आणि चाव्याचा मेळ

कीड काढून झालेला खड्डा भरला की फिलिंगचे काम निम्मे होते. भरलेली दाढ समोरच्या दाढेशी पूर्वीसारखी मिळू लागली की ते पुरे होते. भरलेला खड्डा डोळ्यांना दिसतो. रुग्ण आरशात पाहून समाधानाने मान हलवतो. दाढ नीट मिळते की नाही, हे आरशात दिसत नाही. ते रात्री पहिला घास चावताना कळते, आठवड्याने थंड पाणी पिताना कळते किंवा काही वर्षांनी समोरची दाढ झिजलेली आढळते तेव्हा कळते. दवाखान्यातल्या रोजच्या कामांत फिलिंग सर्वांत साधे समजले जाते, पण त्यातली शेवटची पाच मिनिटे घाईत उरकली तर पुढे होणारा त्रास साधा राहत नाही.

दात एकमेकांना कसे टेकतात

दाढेचा माथा सपाट नसतो. त्यावर उंचवटे असतात आणि उंचवट्यांमध्ये खळगे. तोंड मिटले की वरच्या दाढांचे टाळूकडचे आणि खालच्या दाढांचे गालाकडचे उंचवटे समोरच्या दाढेच्या खळग्यांत किंवा दोन शेजारच्या दाढांच्या कडांवर टेकतात. संपूर्ण माथा माथ्याला भिडत नाही. मोजक्या लहान ठिपक्यांवरच हा भार पेलला जातो. या ठिपक्यांमुळे जबडा दर वेळी त्याच जागी येऊन थांबतो आणि चावण्याचा जोर दाताच्या मुळाकडे सरळ उतरतो.

चावताना जबडा नुसता वरखाली होत नाही. तो बाजूला सरकतो आणि घास रगडत परत मध्यावर येतो. बाजूला सरकताना बऱ्याच तरुणांत सुळे एकमेकांवर घसरतात आणि दाढांना परस्परांपासून वेगळे करतात. सुळ्याचे मूळ लांब आणि मजबूत असते, त्यामुळे आडवा ताण तो चांगला सोसतो. काहींच्या तोंडात हे काम सुळ्यासोबत मागच्या काही दाढा मिळून करतात. दोन्ही रचना निरोगी असू शकतात. म्हणून फिलिंग करताना समोरच्या रुग्णाचा स्वतःचा चावा कसा आहे, हे आधी पाहावे लागते. पुस्तकातला आदर्श चावा इथे कामाचा नसतो.

दात हाडात घट्ट रोवलेला वाटला तरी तो हाडाला थेट चिकटलेला नसतो. मुळाभोवती सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते. जोर पडला की दात या अस्तरात किंचित दबतो. त्यातच स्पर्श आणि दाब ओळखणारे मज्जातंतू असतात आणि त्यांची जाण विलक्षण तीक्ष्ण असते. दोन दातांमध्ये धरलेला दहा-वीस मायक्रॉन जाडीचा पत्राही निरोगी माणसाला जाणवतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्यामुळे केसाहून बारीक उंची राहिली तरी रुग्णाला ती कळते, आणि 'डॉक्टर, ही आधी लागते' या त्याच्या सांगण्याला मापाइतकीच किंमत असते.

दिवसातला बहुतांश वेळ दात एकमेकांना टेकलेले नसतात. ओठ मिटलेले आणि जबडा सैल असताना वरच्या-खालच्या दातांत दोन ते चार मिलिमीटर अंतर असते. चावणे आणि गिळणे मिळून दिवसभरात दात एकमेकांना टेकतात तो वेळ वीसेक मिनिटांच्या आसपास भरतो. पण झोपेत दात खाण्याची सवय असेल तर हा हिशेब पार बदलतो, आणि त्याबरोबर फिलिंगवर येणारा भारही.

भरायचे पदार्थ आणि त्यांचे स्वभाव

फिलिंगमुळे चावा बिघडण्याची तक्रार फिलिंगइतकीच जुनी आहे. चांदीच्या पुडीत पारा मिसळून केलेले अमलगम एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये वापरात आले आणि १८३३ मध्ये क्रॉकर बंधूंनी ते अमेरिकेत नेले. त्या काळच्या मिश्रणाला ठरलेले प्रमाण नव्हते. काही मिश्रणे घट्ट होताना फुगत. भरलेली दाढ त्यामुळे उंच होई, कधी तडकेही. अमेरिकेतील दंतवैद्यांच्या संघटनेने १८४५ मध्ये सभासदांकडून अमलगम न वापरण्याची लेखी हमी मागितली आणि त्या वादात संघटना मोडली. पुढे ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या दंतवैद्याने १८९० च्या दशकात मिश्रणाचे घटक बारकाईने मोजून फुगणे-आकसणे आवाक्यात ठेवणारे अमलगम तयार केले. किडीच्या खड्ड्यांचे त्याने घालून दिलेले वर्गीकरण आजही शिकवले जाते.

लोक ज्याला 'चांदी भरणे' म्हणतात, ते हेच अमलगम. त्याचा एक स्वभाव रुग्णाला माहीत असायला हवा. ते पूर्ण ताकदीला यायला सुमारे चोवीस तास लागतात. म्हणून पहिल्या दिवशी त्या बाजूने चावू नये असे सांगतात. उंच राहिलेल्या ताज्या अमलगमवर जोरात चावले तर त्याचा तुकडा उडतो. आणखी एक गोष्ट जुने दंतवैद्य आवर्जून सांगत. जस्त असलेले अमलगम भरताना त्यात लाळ मिसळली तर तीन ते पाच दिवसांनी ते फुगू लागते. पहिल्या दिवशी नीट मिळालेली दाढ आठवड्याने उंच लागते आणि दुखते. अशा वेळी 'तेव्हा तर बरोबर होते' असे म्हणून रुग्णाला परत पाठवणे चुकीचे ठरते, कारण तेव्हा खरोखरच बरोबर होते आणि आता नाही.

दातांच्या रंगाचे कंपोझिट १९६० च्या दशकात आले. त्याचा पाया दोन शोधांनी घातला. मायकेल ब्युनोकोर याने १९५५ मध्ये दाखवले, की इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरावर, आम्ल लावून ते खरखरीत केले तर त्याला राळ घट्ट चिकटते. राफेल बोवेन याने १९६२ मध्ये त्यासाठी योग्य राळेचे पेटंट घेतले. कंपोझिट निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत कडक होते. त्यामुळे उंची राहिली तर ती तत्काळ कायम होते. चावून चावून ते बसेल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो. त्याचा रंग दाताशी मिळता असल्याने खड्ड्याच्या कडेबाहेर पसरलेला पातळ पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, पण चाव्याला अडतो. उंच फिलिंगच्या तक्रारीत दोष बऱ्याचदा मधल्या भागात नसून या कडेवरच्या पापुद्र्यात सापडतो.

कंपोझिट कडक होताना साधारण दोन ते तीन टक्के आकसते. चिकटलेले असल्याने ते दाताच्या भिंतींना आत ओढते. एकदम मोठा गोळा भरला तर हा ताण वाढतो, म्हणून ते दोन मिलिमीटरच्या थरांनी भरण्याची पद्धत रूढ झाली. ताणामुळे तळाशी बारीक फट राहिली तर चावताना तिथला द्राव हलतो आणि कळ येते. ही कळ उंच फिलिंगसारखीच भासते, पण फिलिंग घासून ती जात नाही. उंची नाही हे खात्रीने कळल्यावरही पुन्हा पुन्हा घासत राहिले, तर दाढ नुसती बुटकी होते आणि दुखणे तसेच राहते.

तिसरा नेहमीचा पदार्थ ग्लास आयनोमर. सामान्य बोलण्यात 'सिमेंट भरले' म्हणतात ते बहुधा हेच. विल्सन आणि केंट यांनी लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ते विकसित केले आणि १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. ते दाताला आपोआप चिकटते आणि फ्लोराइड सोडते. पण कंपोझिटपेक्षा लवकर झिजते. उंच राहिले तर हळूहळू झिजून बसते, आणि काही वर्षांत खालीही जाते. वीज आणि यंत्रे नसलेल्या ठिकाणी हातच्या अवजारांनी कीड काढून हेच सिमेंट भरतात. त्यात बोटाला व्हॅसलीन लावून सिमेंट दाबण्याची रीत आहे. दाबल्यावर बाहेर आलेले सिमेंट काढून रुग्णाचा चावा तिथेही तपासतात. साधने कितीही कमी असली तरी ही पायरी वगळत नाहीत.

उंच राहिलेले फिलिंग

उंच फिलिंग दवाखान्यातच का पकडले जात नाही, याची कारणे साधी आहेत. खालची दाढ बधिर करण्याचे इंजेक्शन दिले की ओठ आणि जीभ तीन ते पाच तास बधिर राहतात. ज्या जाणिवेवर तपासणी अवलंबून आहे, तीच जाणीव त्या वेळी झोपलेली असते. रुग्ण अर्धा तास तोंड उघडून बसलेला असतो. जबड्याचे स्नायू थकलेले असतात. खुर्ची मागे झुकलेली असते आणि आडवे असताना जबडा किंचित मागे सरकतो. 'काका, दात मिटा' म्हटल्यावर तो भलत्याच ठिकाणी चावतो आणि 'ठीक आहे' म्हणतो. त्याला घरी जायचे असते, बाहेर दुसरे रुग्ण थांबलेले असतात, आणि शेवटची एसटी गाठायची असेल तर घाई आणखी वाढते.

बधिरपणा उतरल्यावर तक्रार सुरू होते. रुग्ण ती नेमक्या शब्दांत सांगतात. 'दात पुरते मिटत नाहीत', 'भाकरीचा घास चावला की कळ येते', 'दोन दिवस एकाच बाजूने जेवतोय'. सगळा भार एका ठिपक्यावर आल्याने त्या दाढेच्या मुळाभोवतीचे अस्तर सुजते. दाढ सुजलेल्या अस्तरावर किंचित वर येते, म्हणून आणखी आधी लागते. अवजाराच्या दांड्याने हलके ठोकले तरी दुखते. आतील नस चिडते आणि थंड पाणी झोंबते. या टप्प्यावर उंच भाग घासला तर बहुतेक रुग्णांना एक-दोन दिवसांत आराम पडतो. नस फार चिडलेली असेल तर थोडे अधिक दिवस लागतात.

वेळेवर न आलेल्या रुग्णाचे पुढे काय होते, हे प्रत्येकाचे वेगळे असते. अनेकांत शरीर तडजोड करते: दाढ थोडी आत दबते, समोरची सरकते, जबडा चावण्याची वाट किंचित बदलतो आणि महिन्याभरात रुग्ण तक्रार विसरतो. काहींत ही तडजोड महाग पडते. मोठे फिलिंग असलेल्या दाढेच्या भिंती आधीच पातळ झालेल्या असतात. त्यांच्यावर सतत तिरका मार बसला तर बारीक तडा जातो. तडा गेलेल्या दाढेची खूण वेगळी असते: चावताना नव्हे, चावून सोडताना चमक उठते. ही खूण माहीत नसेल तर रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतो, एक्स-रे स्वच्छ दिसतो आणि दुखणे मनाचे ठरवले जाते.

मध्यावर नीट मिळणारे फिलिंगही बाजूला सरकताना अडू शकते. विशेषतः शेवटच्या दाढेवर, चावण्याच्या विरुद्ध बाजूला, असा अडथळा राहून जातो, कारण तपासताना फक्त 'वरखाली चावा' एवढेच सांगितलेले असते. हा आडवा जोर दाढेला सर्वांत जाचक असतो. फिलिंगचा कोपरा वारंवार तुटत असेल तर पदार्थाला दोष देण्यापूर्वी हा अडथळा शोधावा.

खाली राहिलेले फिलिंग

उंच फिलिंग ओरडून सांगते. खाली राहिलेले गप्प बसते. रुग्णाला काहीच टोचत नाही, म्हणून तो परत येत नाही. उंचीची तक्रार नको म्हणून फिलिंग मुद्दाम थोडे खाली ठेवणे ही सोपी वाट आहे. एका लहान खड्ड्यापुरती ती खपूनही जाते, कारण त्याच दाढेचे बाकीचे ठिपके भार घेतात. पण दाढेचा सगळा माथा भरलेला असेल आणि तो समोर टेकतच नसेल, तर दाढ निरुपयोगी होते. तिचा भार शेजारच्या दाढांवर आणि पुढच्या दातांवर जातो.

दात आयुष्यभर समोरच्या आधाराच्या शोधात असतो. आधार नाहीसा झाला की तो हाडासकट हळूहळू बाहेर सरकतो. काढलेल्या दाढेच्या समोरची दाढ खाली लोंबलेली बऱ्याच तोंडांत दिसते, त्यामागे हेच कारण असते. खाली राहिलेल्या फिलिंगसमोर ते लहान प्रमाणात घडते. समोरचा उंचवटा रिकाम्या खळग्यात उतरतो आणि मग जबडा बाजूला सरकवताना तिथेच अडतो. सुरुवातीला कमी असलेला संपर्क काही वर्षांनी चुकीच्या जागी परत येतो.

शेजारच्या दाताशी असलेला स्पर्शही चाव्याचाच भाग आहे. दोन दाढांच्या मधली कीड काढून भरताना पत्र्याची पट्टी आणि लाकडी पाचर लावून दाढेची फुगीर बाजू पुन्हा घडवावी लागते. तिथे फट राहिली तर समोरचा उंचवटा प्रत्येक घासाला मटणाचे धागे आणि पालेभाजीचे तंतू त्या फटीत ठोकत राहतो. रुग्ण टाचणीने, काडीने कोरत बसतो. हिरडी सुजते, हाड खाली जाते आणि शेजारच्या दाढेलाही कीड लागते. शेजारच्या दोन दाढांच्या लगतच्या कडा समान उंचीवर नसतील तरी हेच घडते.

झीज: किती, कशाने

थोडी झीज स्वाभाविक आहे. बेल्जियममधील संशोधकांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापात दाढांचे इनॅमल समोरासमोरच्या संपर्कात वर्षाला सुमारे २९ मायक्रॉन, तर उपदाढांचे सुमारे १५ मायक्रॉन झिजलेले आढळले. या गतीने दहा वर्षांत दाढेची झीज मिलिमीटरच्या जवळपास तिसऱ्या भागापर्यंत पोहोचते. उंचवट्यावर इनॅमलची जाडी दोन-अडीच मिलिमीटर असते, त्यामुळे ही झीज सोसूनही ते आयुष्यभर पुरते. इनॅमल संपून आतले पिवळसर डेंटिन उघडे पडले की गणित बिघडते. डेंटिन मऊ असते, लवकर झिजते, आणि दाढेच्या माथ्यावर वाटीसारखे खळगे दिसू लागतात.

फिलिंगचा झिजेशी संबंध दोन्ही बाजूंनी असतो. पदार्थ इनॅमलपेक्षा लवकर झिजणारा असेल तर फिलिंग खाली जाते. पदार्थ कठीण आणि खरखरीत असेल तर समोरचा दात झिजतो. सोने या बाबतीत फार सौम्य ठरले. ते जवळपास इनॅमलच्या गतीनेच झिजते. पोर्सेलिनची कॅप बसवल्यावर चावा जुळवण्यासाठी तिच्यावर बर, म्हणजे घासायचे फिरते टोक, फिरवला आणि तशीच सोडून दिली, तर तिचा खरखरीत पृष्ठभाग समोरच्या इनॅमलवर कानशीसारखा चालतो. झिर्कोनिया त्याहून कठीण, पण आरशासारखे गुळगुळीत केले तर समोरच्या दाताला कमी झिजवते. इथे कठीणपणापेक्षा खरखरीतपणा अधिक घातक ठरतो. म्हणून घासल्यानंतर पॉलिश करणे ही सजावट नसते. सुरुवातीची कंपोझिटे दाढांवर भराभर झिजत. बारीक कणांची आजची कंपोझिटे बरीच टिकाऊ आहेत. तरीही दात खाणाऱ्या माणसाच्या तोंडात ती लवकर हार मानतात.

झीज दिसली की चाव्याला आणि फिलिंगला दोष देण्याआधी तोंडाची संपूर्ण हकिगत विचारावी लागते. महाराष्ट्रात ही हकिगत सुपारी, तंबाखू, मिश्री आणि राखुंडीपर्यंत जाते. कडक सुपारी वर्षानुवर्षे दाढेखाली फोडणाऱ्यांचे उंचवटे सपाट होतात आणि दाढांना तडेही जातात. दिवसातून अनेकदा बोटाने मिश्री घासणाऱ्या स्त्रियांच्या दातांची बाहेरची बाजू झिजलेली असते. ही झीज चाव्याने झालेली नसते. आम्लाची झीज आणखी वेगळी. लिंबू, चिंच, थंड पेये आणि सर्वांत दुर्लक्षित कारण म्हणजे जुने आम्लपित्त. तोंडातील पीएच ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते. आम्ल दाताला विरघळवते, पण अमलगम आणि कंपोझिटला तितके नाही. परिणामी भोवतालचा दात खाली जातो आणि फिलिंग बेटासारखे वर उरते. काही वर्षांपूर्वी अचूक बसवलेले फिलिंग असे नव्याने उंच होते. ते घासून सपाट केले तर मूळ आजार दडून राहतो. रुग्णाच्या पोटाकडे लक्ष वळवणे अधिक गरजेचे असते.

चावा तपासण्याची रीत

चांगली तपासणी खड्डा कोरण्यापूर्वी सुरू होते. रुग्ण बधिर होण्याआधी दात कोरडे करून त्यांच्यामध्ये रंगीत आर्टिक्युलेटिंग पेपर धरायचा आणि चावायला सांगायचे. उमटलेल्या ठिपक्यांवरून त्या दाढेचा आणि शेजारच्या दाढांचा मूळ मेळ कळतो. शक्य असेल तर ठिपका फिलिंग आणि दात यांच्या सांध्यावर येऊ नये अशी खड्ड्याची कड ठरवता येते. हे ठिपके लक्षात ठेवले तर शेवटी पुन्हा तसेच ठिपके मिळवणे एवढेच उद्दिष्ट राहते.

फिलिंग झाल्यावर खुर्ची सरळ करायची. रुग्णाला चूळ भरू द्यायची, गिळू द्यायचे, जबडा सैल सोडू द्यायचा. मग दात कोरडे करून कागद लावायचा. ओल्या दातावर खूण उमटत नाही. कागद २०० मायक्रॉन जाडीपासून अगदी पातळपर्यंत मिळतात. जाड कागद मोठ्या खुणा उमटवतो आणि त्यातल्या सगळ्या खऱ्या नसतात. मोठा ठिपका म्हणजे जास्त भार, असे गृहीत धरणेही चुकीचे. मध्ये पांढरा बिंदू आणि भोवती रंगीत कडे उमटले असेल तर तिथे भार जास्त असण्याची शक्यता असते. अमलगमवर चकाकणारा ठिपकाही तेच सांगतो. एका रंगाने वरखाली चावण्याच्या आणि दुसऱ्या रंगाने बाजूला सरकण्याच्या खुणा घेतल्या तर अडथळे वेगळे ओळखता येतात.

शेवटची खात्री आठ मायक्रॉनच्या पातळ धातूच्या पट्टीने होते. ती शेजारच्या दाढांमध्ये धरून चावायला सांगायचे आणि ओढायची. फिलिंगच्या आधी शेजारी पट्टी अडकत होती आणि आता सहज निघाली, तर भरलेली दाढ उंच आहे. सगळीकडे अडकते आणि भरलेल्या दाढेवर निसटते, तर ती खाली आहे. या तपासणीला मिनिटही लागत नाही, आणि बधिर रुग्णाच्या 'ठीक आहे'पेक्षा ती कितीतरी विश्वासाची असते. घासायचे ते फिलिंगच. समोरचा निरोगी उंचवटा घासायचा नाही. घासून झाल्यावर पॉलिश करायचे, आणि 'उद्या काही लागले तर ताई, लगेच या, पाच मिनिटांचे काम आहे' हे स्पष्ट सांगायचे. हे वाक्य न ऐकलेला रुग्ण आठवडाभर दुखणे सोसतो, कारण नव्या फिलिंगला दुखणारच अशी त्याची समजूत असते.

चाव्याला किती दोष द्यावा

विसाव्या शतकात बराच काळ असे मानले गेले, की दात खाणे, जबड्याच्या सांध्याचे दुखणे, डोकेदुखी यांचे मूळ बिघडलेल्या चाव्यात असते. त्या समजुतीपोटी अनेकांचे निरोगी दात घासले गेले. प्रयोगांनी ही समजूत टिकवली नाही. स्वयंसेवकांच्या दातांवर मुद्दाम उंच कॅप बसवून त्यांच्या झोपेतील स्नायूंची हालचाल मोजली, तेव्हा दात खाणे वाढण्याऐवजी अनेकांत कमी झाले. आजच्या समजुतीनुसार झोपेत दात खाण्याची प्रेरणा मेंदूतून येते. ताणतणाव, झोपेतील अडथळे, काही औषधे, तंबाखू आणि दारू यांचा त्याच्याशी संबंध आहे. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याशी चाव्याचा संबंध क्षीण असल्याचेच अभ्यास सांगतात. म्हणून अशा दुखण्यावर आधी व्यायाम, शेक, रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी असे मागे फिरता येणारे उपाय करावेत. दात घासणे हा मागे न फिरता येणारा उपाय आहे.

काही थोड्या रुग्णांत चाव्याची जाणीवच बिघडते. पट्टी, कागद, एक्स-रे सारे ठीक असते, तरी चावा चुकला असे त्यांना सतत वाटते. अमेरिकेतील जोसेफ मारबाक याने १९७६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. हे रुग्ण खोटे बोलत नाहीत. त्यांचे कष्ट खरे असतात. त्यांना प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे घासून दिले तर दात जातात आणि त्रास वाढतो. पुराव्याशिवाय बर न उचलणे आणि रुग्णाला धीराने समजावणे, यालाच इथे उपचार म्हणावे लागते.

मुद्दाम बदललेला चावा

शरीर बदललेल्या चाव्याशी किती जुळवून घेते, हे दोन पद्धतींतून स्पष्ट दिसते. स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्याने लहान मुलांच्या किडलेल्या दुधाच्या दाढांवर कीड न कोरता, इंजेक्शन न देता तयार स्टीलच्या कॅप बसवल्या. कॅप बसवल्यावर चावा उघडाच उंच होतो. मुलांच्या वाढत्या जबड्यात तो काही आठवड्यांत पुन्हा जुळतो. नॉर्वेच्या ब्यॉर्न डाल आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये झिजलेल्या पुढच्या दातांमागे धातूची पट्टी बसवून चावा उचलला. मागच्या दाढा काही महिन्यांत पुन्हा एकमेकींना टेकल्या आणि पुढच्या दातांना घडवण्यापुरती जागा मिळाली. आज हेच काम पुढच्या झिजलेल्या दातांवर थेट कंपोझिट चढवून केले जाते आणि त्यासाठी उरलेला दात कोरावा लागत नाही.

या उदाहरणांचा आधार घेऊन उंच राहिलेले फिलिंग तसेच सोडून देणे योग्य नाही. या पद्धतींत भार कोणत्या दातांवर, किती आणि किती काळ येईल याची आखणी असते, रुग्णाला आधी सांगितलेले असते आणि पुढे नियमित पाहणी होते. चुकून राहिलेल्या उंचीत यांपैकी काहीच नसते. भार नेमका त्याच दाढेवर येतो, जिच्या भिंती किडीने आधीच दुबळ्या झालेल्या असतात.

रुग्णाने काय पाहावे

दाढ भरून आल्यावर बधिरपणा पूर्ण उतरेपर्यंत जेवू नये. बधिर गाल आणि जीभ नकळत चावली जाते. नंतर आरशाशिवाय, सरळ बसून, दात हलकेच मिटून पाहावेत. दोन्ही बाजू एकदम टेकतात का, भरलेली दाढ आधी लागते का, जबडा डावीकडे-उजवीकडे सरकवताना काही अडते का, एवढे पाहणे पुरे. थंडाची हलकी झिणझिण काही दिवस राहू शकते आणि कमी होत जाते. चावताना येणारी कळ दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, किंवा दाढ उंच लागत राहिली, तर थांबू नये. कळ चावताना येते की सोडताना, थंडाने की गरमाने, एकाच जागी की पसरून, हे नीट सांगितले तर निदान लवकर होते. रात्री आपोआप उठणारा ठणका, सूज किंवा ताप असेल तर प्रश्न चाव्याच्या पुढे, नसेपर्यंत गेलेला असतो, आणि त्याच दिवशी दाखवणे आवश्यक असते.

ज्यांच्या तोंडात अनेक मोठी फिलिंग आहेत, ज्यांना झोपेत दात खाण्याची सवय आहे किंवा जुने आम्लपित्त आहे, त्यांनी वर्षातून एकदा झीज पाहून घ्यावी. दातांचे फोटो किंवा साचे ठेवले तर एका वर्षाची झीज दुसऱ्या वर्षाशी ताडून पाहता येते. झीज थांबलेली असेल तर काही करू नये. वाढत असेल तर आधी कारण थांबवावे आणि मगच दात भरून उंची परत द्यावी. कारण तसेच राहिले, तर नवे फिलिंगही जुन्याच वाटेने झिजते.